शेवटच्या प्रकरणातला मी

रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरण्याआधी मावशी चपला काढतात, मनगटावरचं घड्याळ काढतात आणि पोटाला दम देतात. "आता तासभर तुझं काही ऐकायचं नाही मला," असं खाली बघून म्हणतात. माइक भारी चुगलखोर. चप्पल घासली, घड्याळ टिकटिकलं, पोट गुरगुरलं, की लगेच माझ्या कानात येऊन सांगतो. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसते, मावशी पलीकडे. मध्ये दोन थरांची काच आणि त्या थरांत कधीतरी अडकून वाळलेली एक माशी. तिला आम्ही दोघी स्टाफमध्येच धरतो.

अंध वाचकांसाठीचं हे ग्रंथालय. वर ठिपक्यांच्या लिपीतली जाडजूड पुस्तकं, तळघरात आमची खोली. भिंतींना राखाडी स्पंज, जमिनीवर गालिचा. दार लावलं की बाहेरचे आवाज बंद होत नाहीत, लांब जातात. झोप लागताना शेजारच्या खोलीतली बोलणी लांब जातात, तशी.

मावशींना ग्रंथपालबाई मावशी म्हणतात, जिना झाडणारा म्हणतो, त्यांच्याहून वयानं मोठे वाचकही म्हणतात. ऐकणाऱ्यांमध्ये मात्र त्यांचं खरं नाव "सातआवाजी". म्हातारी त्या घशाच्या मागून काढतात, लहान मूल नाकातून, जाडा माणूस थेट पोटातून. एकदा एका रहस्यकथेत त्यांनी खुन्याला इतका गोड आवाज दिला, की एका वाचकानं फोन करून विचारलं, "तो निर्दोष सुटेल असं काही करता येणार नाही का?"

या आवाजांची गंमत अशी, की निवृत्त होईपर्यंत मावशींना ते आपल्यात आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. ट्रंककॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडायचे. समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, कानावर हेडफोन, आणि पाठीमागे मुख्य बाई फेऱ्या मारत. तिथला नियम होता, की आवाज कोणाचाच वाटता कामा नये. हसू नको, काळजी नको, सर्दीसुद्धा नको. "बातमी बाळंतपणाची असो नाहीतर मयताची, आमचा आवाज आपला इस्त्री केलेला," मावशी सांगतात. पुढे यंत्रं आली, बोर्ड उतरवले, मावशींना बिलांच्या खात्यात बसवलं, आणि तिथून त्या घरी गेल्या. घरी बसून कंटाळल्या म्हणून एका सकाळी ग्रंथालयात आल्या. पहिल्याच दिवशी हातात लहान मुलांची गोष्ट मिळाली. त्यात एक अस्वल होतं. मावशींनी तोंड उघडलं आणि अस्वल बोललं. त्या स्वतःच दचकल्या, वळून पाठीमागे बघितलं. मुख्य बाई नव्हत्या. मग त्यांनी अस्वलाला मनसोक्त गुरगुरू दिलं.

तेव्हापासून त्यांची एक पद्धत बसली. पुस्तक आधी घरी न्यायचं. रंगीत पेन्सिली घेऊन प्रत्येक बोलणाऱ्याला एक रंग द्यायचा. सगळं रंगवून झाल्याशिवाय एकही पान माइकसमोर आणायचं नाही. वाचताना डोळ्यांना रंग दिसला, की घसा आपोआप वळतो.

त्या पद्धतीतूनच त्या कादंबरीचं ते प्रकरण झालं.

कादंबरी युद्धावरची होती. हरलेलं सैन्य बर्फातून मागे येतंय. त्यातले चारजण आपल्या तुकडीपासून तुटलेत: एक मास्तर, एक न्हावी, एक स्वयंपाकी आणि एक बिनतारी यंत्रवाला. पुढे एक नदी आहे, तिच्यावर पूल आहे, आणि शत्रू यायच्या आत तो पूल उडवायचा आहे. गोष्ट एवढीच. पण लिहिणाऱ्यानं ती सरळ सांगितलेलीच नाही. ती सुरू होते युद्ध संपल्यावर, कोणाच्या तरी घरी, उकळून आटलेल्या किटलीपासून. तिथून मागे जाते, मध्येच पुढे येते. वाक्य मास्तराच्या मनात सुरू होतं आणि पूर्णविराम येईपर्यंत न्हाव्याच्या मनात गेलेलं असतं. पूल उडतो तिथे तर एक पान चक्क कोरं सोडलंय. आणि शेवटच्या प्रकरणात एकजण "मी" म्हणून बोलतो. चौघांपैकी एक, कोण ते कळत नाही, नदीपलीकडे राहून गेलाय, मेलाय. हा "मी" वाचलेल्यांपैकी आहे, की तो मेलेलाच बोलतोय, ते पुस्तक सांगत नाही.

मावशींनी रंगवायला घेतलं. मास्तर निळा, न्हावी लाल, बिनतारीवाला पिवळा, स्वयंपाकी हिरवा. वाक्य जिथे एका डोक्यातून दुसऱ्यात शिरतं तिथे दोन रंग. रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि मी इतकी वर्षं मशीनवरच्या सुया आणि दिवे बघत बसणारी बाई, सुया बघायला विसरले. त्या स्पंजाच्या खोलीत हळूहळू बर्फ साचायला लागला. मावशी एकाच श्वासात निळ्यातून लालमध्ये जात. काचेपलीकडे मला चार माणसं दिसायची, एकाच शालीत गुंडाळलेली. संध्याकाळी वर आले की रस्त्यावर लख्ख ऊन असायचं, आणि मी पायरीवर उभी राहून विचार करायचे, की एवढा बर्फ वितळला कधी.

शेवटच्या प्रकरणाची पानं मात्र मावशी न रंगवताच घेऊन आल्या, आणि पुन्हा घरी घेऊन गेल्या. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा पानं हिरवीगार होती.

"स्वयंपाकी?" मी विचारलं. "कशावरून?"

"मोज्यांवरून," मावशी म्हणाल्या. कादंबरीत "मोजे वाळले का?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पहिल्यांदा तो स्वयंपाकी विचारतो, शेकोटीपाशी. शेवटच्या प्रकरणातला "मी"ही तोच प्रश्न विचारतो. "मग तोच ना? वाचला बिचारा. बस, लाव मशीन."

स्वयंपाक्याच्या त्या खरखरीत, उबदार आवाजात शेवटचं प्रकरण झालं. तो नदीच्या या काठाला आला. ऐकणाऱ्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यात एक प्रबंधवालाही होता.

या मुलाला जन्मापासून दिसत नाही. मुलगा म्हणते, पण आता तो दाढी राखून साहित्याचा प्रबंध लिहितोय, आणि विषय नेमका हाच: या कादंबरीची सांगण्याची तऱ्हा. कादंबरी ठिपक्यांच्या लिपीत आलेली नाही, म्हणून त्यानंच ती मावशींकडून वाचून हवी म्हणून अर्ज केला होता. तो मावशींच्या अस्वलावर वाढलाय. एका दुपारी तो आमच्या तळघरात आला, काठी घडी करून काखेत मारली, आणि उभ्यानंच म्हणाला, "मावशी, स्वयंपाकी जगला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अरे, बस तरी. आलास काय, तोफ डागलीस काय."

"नाही बसत. आधी सांगा."

"पुस्तकात आहे."

"कुठल्या पानावर? आमचे सर मला हेच विचारतायत. मी चाळीस पानांचं प्रकरण लिहिलंय, मावशी. की या कादंबरीत प्रत्येकाचं मन कसं वेगळं ओळखू येतं. एक माणूस संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, हे लेखक किती स्वच्छ दाखवतो. सर म्हणाले, तू दुसरीच कादंबरी वाचलीस काय? या लेखकानं सगळा आटापिटा केलाय तो हे ओळखू येऊ नये म्हणून. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, मी स्वतः ऐकलंय! मग त्यांनी शेवटचं प्रकरण मला वाचून दाखवलं. सपाट. त्यात स्वयंपाकी नाहीच."

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माशीकडे. "मोजे वाळले का," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"तो प्रश्न सहाव्या प्रकरणात मास्तर विचारतो. आठव्यात न्हावी विचारतो. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात उगवतं, हीच तर लेखकाची युक्ती आहे. एकत्र राहून राहून त्यांची बोलणी एक झालीत. तुम्ही प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात विचारलंत, म्हणून मला ते एकच वाक्य आहे हे कळलंच नाही."  मग जरा खालच्या सुरात म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत प्रबंध सुधारून द्यायचाय. नाहीतर बाद. मला ते पुस्तक जसं आहे तसं ऐकायचंय, मावशी. आवाज न काढता वाचाल?"

"संगणकाला सांग ना मग," मावशी फटकन म्हणाल्या. "तो काढत नाही आवाज."

"ऐकवलं त्याच्याकडून. संगणकानं वाचलं की चौघंही मेलेले वाटतात."

मला हसू आलं. मावशींना आलं नाही. त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं, चपला घातल्या आणि "बघते" म्हणून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

मग मीच त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. दार मावशींच्या यजमानांनी, काकांनी उघडलं. काका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. घरातले डबेही त्यांनी चिठ्ठ्या चिकटवून लावलेत, साखरेवर "साखर" आणि मिठावर "चाखून बघू नये".

"या, इंजिनियरबाई," काका मोठ्यानं म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं. "जन्मभर कानाला हेडफोन हिच्या, आणि बहिरा झालो मी. न्याय आहे का? जरा समजवा हिला. आठ दिवस घरात एकच आवाज आहे, तोही बोलत नाही."

मावशी खिडकीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तो खरं बोलतोय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. चूक माझी. पान रंगवल्याशिवाय माइकसमोर न्यायचं नाही, म्हणून रंगवलं. रंग नव्हताच त्याला."

"मग?"

"मग काय! तीस वर्षं मी तार होते ग. या टोकाचं त्या टोकाला. माझं म्हणून त्यात काही नाही. म्हातारपणी कुठे तोंड फुटलं, तर हे विद्वान येऊन म्हणतात, मावशी, पुन्हा तार व्हा." हातातली शेंग त्यांनी इतक्या जोरात मोडली, की दाणे काकांच्या पायाशी गेले. "करून बघितलं मी. काल दुपारी वाचलं मोठ्यानं, एक्सचेंजच्या आवाजात. येतो अजून. सायकल विसरत नाही तसं. आणि माहितीये काय झालं? त्या संगणकासारखंच झालं. चौघं आडवे."

"मी म्हटलं छान वाचलंस," काका म्हणाले.

"तुम्हाला काय ऐकू आलं?"

"काही नाही. पण तोंड छान हलत होतं."

मावशी हसल्या. हसताना डोळे पुसले. मी तेवढ्यात म्हणून टाकलं, "मावशी, त्यालाच बोलवू या का? तो आत बसेल तुमच्याजवळ. दोघं मिळून शोधा."

"काय शोधायचं?"

"मला काय माहीत. मी सुया बघणारी."

असे आम्ही तिघं जमलो. ग्रंथपालबाईंनी पुस्तकाची नवी, कोरी प्रत दिली, आणि "याला एक ठिपका जरी लागला तर बघा" म्हणून पेन्सिली स्वतःच्या खणात टाकल्या. प्रबंधवाला मावशींच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसायचा, गुडघे हनुवटीपाशी. मी दोघांचे आवाज काचेपलीकडून ऐकायचे. त्या दिवसांचा हिशेब मला सांगता येणार नाही. ते मला एकाच लांबलचक दुपारीसारखे आठवतात. खोलीत दिवा नेहमी तोच, मावशींचं पाणी नेहमी तेवढंच, आणि कोणीतरी नेहमी नदीकडे निघालेलं.

एकदा त्या दोघांनी एकाच वाक्यावर सगळा वेळ घातला. ते असं होतं:

"मास्तराला वाटलं नदी आता जवळ असेल, कारण वास येत होता, ओल्या लोखंडाचा, वस्तरा धुतल्यावर येतो तसा, आणि दुकान तसंच उघडं राहिलं असेल तर तिनं आरसा तरी आत घेतला असेल का."

"मी 'वस्तरा'पाशी आवाज बदलला होता," मावशी म्हणाल्या. "तिथून न्हावी लागतो ना?"

"मास्तर दाढी करत नाही का?"

"करतो की."

"मग वस्तरा त्याचाही असू शकतो. 'दुकान' आलं की आपल्याला कळतं, अरे, हा तर न्हावी. पण तोवर आपण न्हाव्याच्या आत येऊन बसलेलो असतो. कधी आलो ते कळत नाही. वास मास्तरानं आत घेतला आणि श्वास न्हाव्यानं सोडला. मधे दार नाही, मावशी. तुम्ही तिथे दार बसवलंत, आणि वर कडी वाजवलीत."

"बरं, बरं. एवढं बोलू नकोस, थुंकी उडते माइकवर." मग त्या पुटपुटल्या, "दार नाही. झोपेत कूस बदलतो तसं." आणि त्यांनी ते वाक्य वाचलं. मी हेडफोन कानावर दाबून धरला. मास्तर होता. न्हावी होता. बदल कुठे झाला ते सुयांवरही दिसलं नाही.

कोऱ्या पानावरून मात्र खरी भांडणं झाली. ग्रंथालयाचा नियम असा, की पुस्तकात चित्र असलं तर तसं सांगायचं, पान कोरं असलं तर तेही सांगायचं. पहिल्या वेळी मावशींनी सांगितलं होतं, "येथे एक पान कोरे आहे." पूल उडण्याच्या ऐन क्षणी.

"कत्तलच केलीत," प्रबंधवाला म्हणाला. "सगळ्या पुस्तकातला मोठा धडाका लेखकानं आवाज न करता उडवलाय, आणि तुम्ही तिथे स्टेशनवरच्या घोषणेसारखं..."

"मग काय करू? गप्प बसले तर लोक फोन करतात, रेकॉर्डिंग बिघडलंय म्हणून."

हे माझं खातं होतं, म्हणून मी बोलले. शांतता दोन प्रकारची असते. एक मशीनची, तिच्यात काहीच नसतं, ती ऐकली की कान म्हणतो वायर तुटली. दुसरी खोलीची. तिच्यात हवा असते, कपडे असतात, बसलेला माणूस असतो. "मावशी, तुम्ही ते पान नुसतं उलटा. तुमच्यापुरतं बघा. मग पुढचं उलटा. मी ते सगळं घेते."

मावशींनी पान उलटलं. कागदाचा आवाज आला. मग त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिल्या. माझ्या कानात त्यांचा श्वास होता, आणि त्यामागे त्या मुलाचा, आणि स्पंजाच्या मागे कुठेतरी लांब, एखाद्या मोठ्या वाहनाची किंवा पाण्याची बारीक घरघर. एरवी मी ती पुसून टाकली असती. मग पुन्हा कागद वाजला. प्रबंधवाल्याच्या हातावर काटा आला होता, मला काचेतून दिसला.

शेवटचं प्रकरण राहिलं. सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. स्वयंपाक्याचा आवाज घशात येऊन बसलेला असायचा, मावशी त्याला मागे ढकलायच्या, की एक्सचेंजचा आवाज पुढे यायचा. एकात माणूस जिवंत, दुसऱ्यात मेलेला. प्रबंधवाला ऐकायचा आणि नुसती मान हलवायचा. त्याचा महिना संपत आला होता.

"मला एक सांग," मावशी थकून म्हणाल्या. "त्या लेखकाला तरी माहीत आहे का, कोण ते?"

"सर म्हणतात माहीत नसणार. मी म्हणतो माहीत असून गिळलं असणार. त्यावरच परिशिष्ट लिहितोय."

"शाब्बास. लेखकाच्या पोटात काय आहे त्यावर परिशिष्ट!" त्या पाणी प्यायल्या.  "ट्रंककॉल लावताना एक वेळ यायची," त्या म्हणाल्या. "मी नंबर फिरवलेला असायचा. तिकडे घंटा वाजते आहे. इकडे माणूस कानाला लावून थांबलाय. अजून उचललेलं नाही कोणी. तेवढ्यात तो माणूस घसा साफ करायचा. मग हळूच काहीतरी बोलून बघायचा. समोर कोण येईल माहीत नाही. आई असेल, बायको असेल, शेजारी येऊन सांगेल की ते इथे राहत नाहीत. तर त्या आधीचा त्याचा आवाज असायचा ना, तो सगळ्यांसाठी सारखाच असायचा. मी आवाजावरून कुठलाही माणूस ओळखायचे, पण तेव्हा नाही ओळखू यायचा. नियम होता ऐकायचं नाही म्हणून. तेवढं मी ऐकायचे."

प्रबंधवाला स्टुलावरून उठला आणि, बहुधा पहिल्यांदाच स्वतःहून, दाराबाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला. "एकट्यांना वाचू द्या," माझ्या कानात म्हणाला.

मी बटण दाबलं.

"पाणी अजून वाहतं आहे," मावशींनी वाचलं. "पलीकडे कोणीतरी शेकोटी पेटवली आहे. किंवा अलीकडे. मी हात पुढे केला, आणि ऊब लागली, किंवा ऊब आठवली. मोजे वाळले का, मी विचारलं."

हा त्यांच्या सातांपैकी एकही आवाज नव्हता. इस्त्रीचा तर नव्हताच. त्यात एक उत्सुकता होती, जरा घाबरलेली, आणि ती कोणाचीही असू शकत होती. एका वाक्याला वाटायचं मास्तर, पुढच्याला वाटायचं तो नव्हे, ही जीभ बिनतारीवाल्याची, आणि तेवढ्यात त्या पुढे गेलेल्या असायच्या. मी काठ शोधत होते. नदी दिसत होती, धूर दिसत होता, पण माझे पाय कुठल्या बाजूला आहेत ते कळेना. प्रबंधवाल्यानं काचेला तळहात लावून ठेवला होता. काचेतून आवाज येत नाही, पण थरथर येते, असं त्याचं म्हणणं.

वाचून झाल्यावर मावशी बाहेर आल्या आणि चपला शोधायला लागल्या. "बोल," त्या म्हणाल्या. "मेलाय का जगलाय?"

"नाही सांगता येत," तो म्हणाला. दाढीतल्या दाढीत हसत होता. "चाळीसची चाळीस पानं फाडावी लागणार मला."

"फाड. तरुण आहेस."

पानं त्यानं फाडली. प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला, आणि तोंडी परीक्षेत सरांनी खोडसाळपणे विचारलंच, की आता तुमच्या स्वयंपाक्याचं काय? तो म्हणाला, पान सांगत नाही आणि आता आवाजही सांगत नाही, त्यामुळे मी काही बोलणं बरं दिसणार नाही. पास झाला.

जुनं रेकॉर्डिंग ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न राहिला. ग्रंथपालबाईंचं म्हणणं, दोन्ही ठेवू, ज्याला जे हवं ते ऐकेल, लोकांना सातआवाजी आवडते. मावशींनी काकांना विचारलं, मला विचारलं, आणि मग कोणाचंच न ऐकता सांगितलं, की जुनं काढा. रहस्यकथेत मी सात काय सत्तर आवाज काढीन, पण हे पुस्तक तसं नव्हे. मी ते काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी वरून निरोप आला, की मावशींना फोन आहे, माणूस जरा तापलेला आहे. एक निवृत्त ट्रकड्रायव्हर होते, म्हातारपणी दृष्टी गेलेले. कादंबरी पुन्हा ऐकायला मागितली, तर ही दुसरीच आली. फोन आमच्या खोलीत जोडून दिला. ड्रायव्हरांचा आवाज इतका मोठा, की मला वेगळा हेडफोन लावावा लागला नाही.

"मावशी, आमचा स्वयंपाकी कुठे गेला?"

"कुठे गेला ते माहीत नाही, काका."

"माहीत नाही काय! तुम्हीच वाचलंत ना? नदी ओलांडून आला तो. मी दोनदा ऐकलंय. शेवटी बोलतो तो."

"ते माझं चुकलं होतं. पुस्तकात तसं नाही. शेवटी कोण बोलतं ते लिहिलेलंच नाही."

 मावशींनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"लिहिलेलं नाही म्हणजे," ड्रायव्हरकाका सावकाश म्हणाले, "तो मेला असंही लिहिलेलं नाही."

"तसंही नाही."

"मग मी म्हणतो जगला."

"म्हणा की."

"तुम्हाला चालेल?"

"मला का नाही चालणार? तुम्ही म्हणताय. मी म्हणायचं नाही, एवढंच."

"बरं." ते घुटमळले. "आणि तो पूल?"

"तो मात्र पडला, काका," मावशी म्हणाल्या. "त्याला इलाज नाही."